अठरा जणांत मोठा कोण?

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला २३ ऑक्टोबर २०२२ ची रात्र आठवते. पाकिस्तानविरुद्धची मॅच, हारिस रौफ, कोहलीचे लागोपाठ दोन षटकार आणि स्टँडमध्ये नव्वद हजार लोक. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २४ सप्टेंबरला, त्याच मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसली होती. त्या दिवशी तिथे ना बॅट होती, ना स्टंप. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल होती. मेलबर्नची माणसं त्याला नुसतं 'फूटी' म्हणतात.

मी या शहरात राहायला आलो तेव्हा लोक नावानंतर लगेच टीम विचारायचे. तू कोणाचा? कॉलिंगवूडचा, कार्ल्टनचा, रिचमंडचा? आपल्याकडे गाव विचारतात तसं. आणि टीम ठरली की दुसरा वाद सुरू होतो, तो कधीच मिटत नाही: टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण? ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर या वादात तोंड उघडता यावं म्हणून मी खेळाचा इतिहास वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की हा वाद गेल्या शंभर वर्षांत या खेळात कोणाकडे बघितलं गेलं आणि कोणाकडे नाही, याचाही आहे.

आधी थोडक्यात खेळ. मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. हिवाळ्यात क्रिकेटपटूंना तंदुरुस्त ठेवायला काहीतरी हवं, असं पत्र टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये छापून आणलं आणि पुढच्या वर्षी मेलबर्नच्या एका हॉटेलात नियम लिहिले गेले. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. चेंडू फेकायचा नाही. लाथ मारायची, नाहीतर एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, तो 'हँडबॉल'. लांबून आलेली किक हवेत झेलली की 'मार्क', मग कोणी अंगावर येऊ शकत नाही. ऑफसाइड नाही. कोणीही कुठेही जाऊ शकतो. पण प्रत्यक्षात प्रत्येकाची जागा असते आणि वाद त्या जागांचाच आहे.

कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याची रील व्हायरल होते. डाव्या कोपऱ्यात घोटा धरणाऱ्याची क्वचितच.

फूटीतला चढाईपटू म्हणजे फुल-फॉरवर्ड, गोलच्या तोंडाशी उभा राहणारा. त्याच्या बाजूने बोलायचं तर एकच नाव पुरतं: जॉन कोलमन. १९४९ मध्ये एसेंडनकडून पहिल्याच सामन्यात त्याने १२ गोल केले, त्या पहिल्याच हंगामात १००. कारकीर्दीत ९८ सामने आणि ५३७ गोल, म्हणजे सामन्याला जवळपास साडेपाच. १९४९ आणि १९५० ची विजेतेपदं एसेंडनने जिंकली. १९५१ मध्ये फायनल्सच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याशी हाणामारी झाली म्हणून कोलमनवर चार सामन्यांची बंदी आली, आणि एसेंडन ग्रँड फायनल जिलाँगकडून ११ गुणांनी हरलं. ११ गुण म्हणजे दोन गोलसुद्धा नाहीत. एसेंडनवाल्यांच्या लेखी हिशोब तिथेच संपतो. १९५४ मध्ये गुडघा गेला तेव्हा कोलमन पंचविशीत होता. पुन्हा तो खेळू शकला नाही. आज सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या पदकाला त्याचंच नाव आहे.

पण याच्या अगदी उलट साक्ष द्यायला १९८९ ची ग्रँड फायनल आहे. जिलाँगच्या गॅरी अ‍ॅब्लेटने त्या दिवशी एकट्याने ९ गोल केले. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदकही त्यालाच मिळालं. जिलाँग हरलं. किती गुणांनी? सहा. म्हणजे त्याने दहावा गोल केला असता तर बरोबरी.

आता पंचांकडे वळू, कारण अधिकृत उत्तर तेच देतात. १९२४ पासून दिलं जाणारं ब्राउनलो पदक हा या खेळातला वैयक्तिक मानाचा सगळ्यात मोठा पुरस्कार. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरचे पंच तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात आणि हंगामाअखेरीस बेरीज होते. मैदानावरचा पंच कुठे असतो? चेंडूजवळ. चेंडूजवळ कोण असतो? मिडफिल्डर, मधल्या पट्ट्यात दिवसभर धावणारा. त्यामुळे २००० नंतरच्या ब्राउनलो विजेत्यांची यादी काढा, जवळजवळ सगळी मिडफिल्डरांची निघेल. टोनी लॉकेटने कारकीर्दीत १३६० गोल केले, तो विक्रम आजही उभा आहे. १९८७ मध्ये त्याने ब्राउनलो जिंकलं, तेही जॉन प्लॅटनबरोबर विभागून. हे पदक मिळवणारा तो एकमेव फुल-फॉरवर्ड. नॉर्थ मेलबर्नच्या वेन कॅरीला नव्वदच्या दशकातला सर्वांत वरचढ खेळाडू मानणारे ढिगाने भेटतात. त्याला ब्राउनलो कधीच मिळालं नाही. ज्या लेह मॅथ्यूजचं नाव खेळाडूंनी स्वतः मत देऊन ठरवलेल्या पुरस्काराला आहे, त्यालाही नाही. खेळाडूंची निवड आणि पंचांची निवड यांत इतकं अंतर असेल तर कोणाला काय दिसतं हा प्रश्न उरतोच.

शिवाय पदक 'सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य' खेळाडूचं. हंगामात बंदी झाली की बाद. १९९६ मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या कोरी मॅककर्ननला जेम्स हर्ड आणि मायकेल व्हॉस यांच्याइतकीच २१ मतं होती. पदकं दोघांनाच मिळाली. १९९७ मध्ये तर वेस्टर्न बुलडॉग्सच्या क्रिस ग्रँटला सगळ्यांपेक्षा जास्त मतं होती आणि पदक दुसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट हार्वीला गेलं.

मॅककर्नन रकमन होता. आणि या रकमनसाठी मला जरा थांबायचं आहे.

शंभराहून जास्त वर्षं हा खेळ असा सुरू होत आला: पंच मैदानाच्या मधोमध चेंडू जमिनीवर आपटायचा, चेंडू उंच उडायचा आणि दोन्ही संघांतला एक-एक उंचापुरा गडी धावत येऊन त्याच्यासाठी उडी मारायचा. तो रकमन. चेंडू हातात धरणं हे त्याचं काम नाही. खाली घुटमळणाऱ्या आपल्या बुटक्या, चपळ साथीदाराकडे तो ढकलायचा. दोन धिप्पाड देह गुडघे पुढे काढून हवेत एकमेकांवर आदळायचे, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा. या टकरींत इतके गुडघे गेले की २००५ मध्ये त्यांच्या धावेला मर्यादा घालणारं दहा मीटरचं वर्तुळ मैदानावर आखावं लागलं.

या जागेवर खेळलेला सर्वश्रेष्ठ माणूस कोण, यावर मात्र वाद नाही. ग्रॅहम 'पॉली' फार्मर. १९३५ मध्ये पर्थमध्ये जन्म, आई नूंगर आदिवासी समाजाची, आणि वाढला तो सिस्टर केट्स या मुलांच्या संस्थेत. आदिवासी रक्ताच्या मुलांना कुटुंबांपासून तोडून अशा संस्थांत ठेवण्याचं ते सरकारी धोरण होतं. बडबड्या म्हणून पोपट, म्हणून 'पॉली'. त्याच्या आधी हँडबॉल म्हणजे अडचणीत सापडलेल्याची शेवटची सुटका होती. फार्मरने त्याचं हत्यार केलं. चेंडू हवेतच पकडायचा आणि पाय जमिनीला लागायच्या आत धावत्या साथीदाराच्या पुढ्यात मुठीने लांबवर ठोसायचा. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार घालवण्याचा सराव तो करायचा, असं सांगतात.

१९६२ मध्ये तो जिलाँगला आला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला. हंगाम जवळपास वाया. १९६३ मध्ये परतला आणि जिलाँगने विजेतेपद जिंकलं. छोटा बिली गॉगिन खाली, फार्मर वर, ही जोडी लोक अजून सांगतात. जिलाँगकडून तो १०१ सामनेच खेळला. ब्राउनलो नाही. गोलांच्या आकड्यांत त्याचं नाव फारसं दिसणार नाही. पण त्याच्यानंतर सगळेच संघ हँडबॉल करायला लागले. १९९६ मध्ये लीगने शतकाचा संघ निवडला तेव्हा रकमन म्हणून त्याचंच नाव होतं. पर्थ शहराच्या पोटातून जाणाऱ्या एका महामार्गाला त्याचं नाव दिलेलं आहे.

२०१९ मध्ये तो वारला. काही महिन्यांनी त्याच्या मेंदूच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला: डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा सीटीई हा आजार. ऑस्ट्रेलियन रूल्सच्या खेळाडूत त्याचं निदान झाल्याचं जाहीर होण्याची ती पहिली वेळ. महत्त्वाचा कोण याची चर्चा करताना त्या महत्त्वाचं मोल कोणी कशाने मोजलं, हेही मला यामुळे विचारावंसं वाटतं. टेबलावरचे माझे मित्र या वळणावर जरा गप्प होतात.

फार्मरची कल्पना ज्या सामन्याने घराघरात पोहोचवली तो २६ सप्टेंबर १९७० चा. कार्ल्टन विरुद्ध कॉलिंगवूड, प्रेक्षक १,२१,६९६. हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. सामना संपल्यात जमा. कार्ल्टनचा प्रशिक्षक रॉन बारासीने मध्यंतरात सांगितलं की किक मारत बसू नका, हँडबॉल करा, धावत राहा. आणि एक बदल केला. बर्ट थॉर्नलीला बसवलं आणि बाकावरच्या एकोणिसाव्या खेळाडूला आत पाठवलं. त्याचं नाव टेड हॉपकिन्स. त्या काळी बाकावरचा माणूस म्हणजे खरोखरच राखीव. एकदा बाहेर गेलेला परत येत नसे. आत-बाहेर करण्याची मुभा १९७८ मध्ये आली.

हॉपकिन्सने दुसऱ्या अर्ध्या भागात ४ गोल केले. कार्ल्टन १० गुणांनी जिंकलं, १११ विरुद्ध १०१.

या एका सामन्यावर तुम्ही रात्रभर भांडू शकता. एक पक्ष म्हणतो बारासीचा हँडबॉल. दुसरा म्हणतो अ‍ॅलेक्स जेसॉलेंको, ज्याने ग्रॅहम जेनकिनच्या खांद्यावर चढून घेतलेला मार्क हा या खेळाचा सगळ्यात प्रसिद्ध क्षण आहे (जेनकिन बिचारा आयुष्यभर 'ज्याच्या अंगावर चढले तो' राहिला). तिसरा पक्ष, बहुतेक कॉलिंगवूडचा, पीटर मॅकेनाकडे बोट दाखवतो. त्या हंगामात १४३ गोल ठोकलेला हा फुल-फॉरवर्ड फायनलमध्येही सुसाट होता, पण मध्यंतराआधी आपल्याच संघातल्या डेस टडेनहॅमवर आदळला आणि डोक्याला मार लागला. त्यानंतर तो तो राहिला नाही. म्हणजे कार्ल्टन बाकावरच्या माणसामुळे जिंकलं, की कॉलिंगवूड गोल करणारा भोवळल्यामुळे हरलं?

हॉपकिन्सची गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तो मला या सगळ्यांत जास्त आवडतो. कार्ल्टनकडून एकूण २९ सामने खेळून त्याने लवकरच खेळ सोडला. कविता लिहिल्या, पुस्तकं छापली. आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'चॅम्पियन डेटा' ही कंपनी उभी करणाऱ्यांत तो होता. आज फूटीतला प्रत्येक आकडा या कंपनीकडून येतो: कोणी किती वेळा चेंडू मिळवला, त्यातला किती अंगावर माणूस असताना, किती किक योग्य ठिकाणी गेल्या, किती मीटर अंतर काटलं. ज्याची सगळी कीर्ती अर्ध्या सामन्याची, त्याच माणसाने पुढे प्रत्येकाचा प्रत्येक स्पर्श मोजायची व्यवस्था लावली. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

आकड्यांनी वाद मिटला का? छे. उलट भांडायला दारूगोळा मिळाला. मात्र एक झालं. चेंडूला हातही न लावता केलेली कामं नोंदवली जाऊ लागली: समोरच्याच्या हातात पडणारा चेंडू ठोसा मारून उडवणं, किकवर अंग टाकणं, साथीदारासाठी वाट अडवून धरणं. यांना इथे 'वन पर्सेंटर' म्हणतात, म्हणजे एक-एक टक्क्याची कामं. यात सगळ्यात वर असतात बचावफळीतले लोक, ज्यांना पंच मतं देत नव्हते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी बचावाच्या बाजूचा, आणि माझा मुख्य पुरावा हॉथॉर्न आहे. लान्स फ्रँकलिन, लाडाने 'बडी', हा आपल्या काळातला सगळ्यात देखणा फॉरवर्ड. २००८ मध्ये त्याने हंगामात ११३ गोल केले. त्यानंतर कोणीही शंभरी गाठलेली नाही. २०१३ ची ग्रँड फायनल हॉथॉर्नने फ्रीमँटलविरुद्ध जिंकली. त्या दिवशी सर्वोत्तम खेळाडू फ्रँकलिन नव्हता. ब्रायन लेक होता, तिशी ओलांडलेला फुल-बॅक, वर्षभरापूर्वी दुसऱ्या क्लबकडून आणलेला. त्यानंतर फ्रँकलिन नऊ वर्षं आणि एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला. २०१४ च्या ग्रँड फायनलमध्ये हॉथॉर्नसमोर उभा ठाकला सिडनीच. फ्रँकलिनने ४ गोल केले. हॉथॉर्न ६३ गुणांनी जिंकलं. २०१५ मध्ये पुन्हा जिंकलं. फ्रँकलिनने २०२२ मध्ये हजारावा गोल केला तेव्हा सिडनीच्या मैदानात हजारो लोक घुसले, इतकं त्याच्यावर प्रेम. पण सिडनीला त्याच्यासकट एकही विजेतेपद मिळालं नाही.

हे मी सांगितलं की आमच्या टेबलावरचा रिचमंडचा भक्त शांतपणे विचारतो, मग अ‍ॅलेक्स रान्सचं काय? त्याचा मुद्दा बिनतोड आहे. रान्स हा सलग पाच वर्षं राष्ट्रीय संघनिवडीत आलेला बचावपटू, रिचमंडच्या २०१७ च्या विजेतेपदाचा कणा. २०१९ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. बचाव कोसळायला हवा होता. त्याच वर्षी त्याचा साथीदार डिलन ग्राइम्स राष्ट्रीय संघनिवडीत आला आणि रिचमंडने ग्रँड फायनल ८९ गुणांनी जिंकली. त्या फायनलमध्ये मार्लियन पिकेट नावाचा २७ वर्षांचा खेळाडू पहिल्यांदाच लीगचा सामना खेळला. ग्रँड फायनलमध्येच पदार्पण, हे १९५२ नंतर प्रथमच घडत होतं. त्याने गोल केला तेव्हा सगळा संघ त्याच्यावर तुटून पडला. संध्याकाळी पिकेटच्या गळ्यात विजेतेपदाचं पदक होतं, कारकीर्द एक सामना. रान्सच्या गळ्यात त्या वर्षीचं पदक नव्हतं. डिसेंबरमध्ये, तिशीतच, त्याने निवृत्ती जाहीर केली.

पदकाचा नियमच तसा आहे: फायनलच्या दिवशी जे संघात आहेत त्यांनाच. बाकी वर्षभर तुम्ही काय केलंत याला त्या दिवशी किंमत नाही.

२०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्स १९५४ नंतर प्रथमच जिंकले. मेलबर्नच्या पश्चिमेकडचा, कामगार वस्तीतला, कायम पैशाच्या तंगीतला क्लब. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी, हाफ-बॅकला खेळणारा, ३४ वर्षांचा. हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला होता. १ ऑक्टोबरला मर्फी साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला होता. सर्वोत्तम खेळाडूचं पदक जेसन योहानिसनला मिळालं, तोही हाफ-बॅकच. मग विजेत्या प्रशिक्षकाचं पदक घ्यायला ल्यूक बेव्हरिज मंचावर आला. पदक गळ्यात पडल्यावर त्याने माइकवरून मर्फीला वर बोलावलं, स्वतःचं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. चषक उचलायला मर्फीलाही पुढे घेतलं.

मर्फीने नंतर ते पदक परत केलं. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. ३१२ सामने, आणि त्यांत ग्रँड फायनल एकही नाही.